त्यात कांदा येतो का?

एक वाक्य माझ्या तोंडून गेलं, आणि ते मला अजून परत घेता आलेलं नाही. 2023 च्या डिसेंबरातली रात्र होती. पुण्यातल्या वसतिगृहाची मेस, स्टीलच्या ताटात गार होत चाललेली मटकीची उसळ आणि कडेला लिंबाच्या फोडीशेजारी कांद्याच्या दोन चकत्या. समोर माझी ढाक्याची मैत्रीण बसली होती, आईशी फोनवर बोलून नुकतीच आलेली. "तुमच्याकडून कांदा बंद झाला," ती म्हणाली. "आमच्याकडे दोन दिवसांत किलोला 200 टाकाच्या वर गेला. आम्मू दुकानातून न घेताच परत आली." आवाजात तक्रार नव्हती. घरची बातमी सांगावी तसं तिनं सांगितलं. त्याच दुपारी गावाकडून अण्णांचा, माझ्या वडिलांचाही फोन येऊन गेला होता. बंद पडलेले कांद्याचे लिलाव पुन्हा सुरू झाले होते आणि आमच्या ट्रॅक्टरला क्विंटलला 1,700 रुपये मिळाले होते. भारतानं कांद्याची निर्यात बंद केली त्याच्या आधीच्या आठवड्यात शेजारच्या काकांना 3,700 मिळाले होते. मी ताटाकडे बघत म्हणाले, "तुमचं दोन महिने महाग होईल. आमचं वर्ष गेलं."

ती काही बोलली नाही. पेल्यातलं पाणी प्यायली, ताट उचललं आणि धुवायला गेली.

माझं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त टोचत राहिलं. खोटं बोलले असते तर माफी मागून मोकळी झाले असते. लाल कांद्याचं पीक म्हणजे आमच्या घरात खरोखरच वर्ष असतं. त्यातून सोसायटीचं कर्ज फिटतं, उन्हाळ कांद्याच्या लागवडीची मजुरी निघते, माझी फी निघते. पण हे सगळं सांगायला मी जिला निवडलं होतं, तिची आई रिकामी पिशवी घेऊन घरी परतली होती. तिच्या घरात कमावणारे एकटे वडील, तेही शाळेत शिक्षक. माझ्याकडे वर्षाचा हिशेब होता म्हणून तिच्या आईच्या दोन महिन्यांचं वजन करण्याचा हक्क मला मिळाला, असं मी कुठल्या तागडीवर ठरवलं होतं?

त्या वर्षी माझा मुख्य विषय संख्याशास्त्र होता आणि मायनर होतं आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र. मायनर घेताना घरी सांगायला लागतं असं काही नाही, पण आमच्याकडे फीपासून चपलेपर्यंत सगळं ओसरीवर बसून ठरतं. नाव ऐकून आई म्हणाली, एवढं लांबलचक नाव कोण लक्षात ठेवणार. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच विचारलं, "त्यात कांदा येतो का?" मी हो म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, कारण मलाच तेव्हा ठाऊक नव्हतं. अभ्यासक्रमाच्या कागदावर चलनव्यवस्था होती, व्यापार करार होते, कर्जबाजारी देश होते, बहुराष्ट्रीय कंपन्या होत्या. कांदा कुठेच नव्हता.

लहानपणी मी अण्णांबरोबर लासलगावला जायचे. निफाड तालुक्यातलं आमचं गाव, तिथून पहाटे निघायचं. ट्रॉलीवर ताडपत्री, ताडपत्रीवर दव, आणि मी अण्णांशेजारी मडगार्डवर, पायात दोन मोजे घालून. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरांच्या रांगा लागलेल्या असायच्या. उजाडल्यावर ताडपत्र्या सुटायच्या आणि एकदम वास उठायचा. ओली माती, डिझेल आणि कुठेतरी चिरडलेल्या कांद्याचा तो उग्र गोडसर वास, जो कपड्यांत दोन दिवस राहतो. मग व्यापाऱ्यांचा घोळका रांगेनं पुढे सरकायचा. एकजण ओंजळभर कांदा उचलून रंग बघायचा, कुणी हातात दाबून बघायचा, बोली सुरू व्हायची आणि आपण श्वास घ्यायच्या आत संपायची. चार महिन्यांचं पीक मिनिटभरात ठरतं. मला आठवतंय, अण्णा त्या मिनिटात व्यापाऱ्यांकडे बघायचे नाहीत, ट्रॉलीतल्या कांद्याकडे बघायचे. भाव कमी लागला की मी विचारायचे, कुणी कमी केला? ते म्हणायचे, "वरून." वरून म्हणजे कुठून, हे त्यांना सांगता यायचं नाही. मुंबईहून, दिल्लीहून, बंदरावरून, दुबईहून. नुसता हात वर करायचे. पावसाबद्दल बोलतानाही ते तसाच हात वर करतात.

हे मायनर मी का घेतलं, असं कुणी विचारलं की मी प्रवेशाच्या वेळी लिहून दिलेली चार शहाणी वाक्यं सांगायचे. खरं कारण तो वर गेलेला हात होता.

निर्यातबंदीची अधिसूचना निघाली ती 7 डिसेंबरच्या रात्री. ऑगस्टात 40 टक्के निर्यातशुल्क लागलं होतं, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला 800 डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं होतं, आणि आता सरळ बंदी. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी बसले, लिलाव थांबले. योगायोग असा की पुढच्याच आठवड्यात आमच्या वर्गात व्यापारावरच्या निर्बंधांचा धडा होता. मॅडमनी फळ्यावर दोन रेषा काढल्या, मागणीची आणि पुरवठ्याची. वर एक आडवी रेघ, जगातल्या भावाची. बंदी आली की देशातला भाव त्या रेघेवरून खाली येतो. मग त्यांनी पिवळ्या खडूनं एक पट्टा भरला. हा उत्पादकांकडून जातो आणि ग्राहकांना मिळतो. उरला एक छोटा त्रिकोण, तो त्यांनी लाल खडूनं भरला. हा उत्पादकांकडून जातो आणि कुणालाच मिळत नाही. त्याला डेडवेट लॉस म्हणतात. मुलांनी वह्यांमध्ये त्रिकोण काढले. मीही काढला. पट्टी लावून, नीट.

काढून झाल्यावर मला कसंसंच झालं. अण्णांचे क्विंटलमागचे 2,000 रुपये त्या आकृतीत अगदी बरोबर मावत होते. काही पिवळ्यात, काही लालमध्ये. बाहेर काहीच राहत नव्हतं, आणि तरी मला वाटत होतं की खूप काही बाहेर राहिलंय. मी हात वर केला आणि विचारलं की लाल कांदा टिकत नाही, हे यात कुठे आहे? उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत चार-पाच महिने राहतो, त्याला भावाची वाट बघता येते. लाल कांदा काढला की पंधरा-वीस दिवसांत विकावाच लागतो, नाहीतर कोंब फुटतात, सड लागते. बंदी एप्रिलात आली असती तर माझ्या वडिलांनी निदान थांबून बघितलं असतं. ती डिसेंबरात आली. मॅडम फळ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "या रेषांना घड्याळ नाही. ते तू घाल." त्या वाक्यानं माझं अर्धं मायनर झालं असं मी मानते.

मग मी वाचायला लागले, परीक्षेला लागतं त्याहून जास्त. मॅन्सर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा युक्तिवाद आम्हाला होता. थोड्यांचं हित मोठं असेल तर ते संघटित होतात आणि जिंकतात. पुष्कळांचं थोडंथोडं नुकसान होत असेल तर ते गप्प राहतात. उदाहरण अमेरिकेतल्या साखरेचं. तिथल्या ऊस आणि बीट उत्पादकांसाठी आयातीवर बंधनं आहेत, म्हणून अमेरिकन माणूस जगाच्या भावाहून महाग साखर खातो आणि त्याला ते कळतही नाही. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. आमच्याकडे सगळं उलटं होतं. कांदा खाणारे पुष्कळ, विखुरलेले, आणि जिंकत तेच होते. काही दिवसांनी अभ्यासाच्या यादीत आफ्रिकेवरचं वाचन आलं. स्वातंत्र्यानंतर तिथल्या अनेक सरकारांनी पणन मंडळांमार्फत शेतमालाचे भाव मुद्दाम खाली ठेवले. शहरातला माणूस महागाईनं रस्त्यावर उतरला तर सरकार हलतं. खेड्यातला माणूस रानात विखुरलेला असतो आणि भाव पडला की पीक बदलतो किंवा गाव सोडतो, पण राजधानीत पोचत नाही. घानाच्या कोको उत्पादकाचं वर्णन वाचताना मला निफाडचं एसटी स्टँड दिसत होतं. घानाचं कोको मंडळ 1947 चं, आमची लासलगावची बाजार समितीही 1947 ची. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण मी तो वहीच्या समासात लिहून ठेवला. ज्या गोष्टीला आपण घरचं दुर्दैव समजतो तिला दुसऱ्या खंडात नाव आहे, नकाशा आहे, कारणं आहेत, हे कळल्यावर एक विचित्र धीर येतो. आणि थोडा रागही, की हे मला विसाव्या वर्षी पुण्यात येऊन का कळावं.

या सगळ्यात मैत्रीण माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होती. नोट्स द्यायची, सकाळी मेसला जाताना दार वाजवायची. त्या रात्रीचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. पण दोघींच्या ताटात कांदा आला की आम्ही दोघी क्षणभर त्याच्याकडे बघायचो, हे मला दिसत होतं.

जानेवारीत अल्बर्ट हर्शमनवर सेमिनार आला आणि तो तिच्या वाट्याला गेला. हर्शमन हा अर्थशास्त्रज्ञ बर्लिनचा, 1933 मध्ये नाझींमुळे देश सोडलेला. त्यानं 1945 मध्ये दाखवलं होतं की जर्मनीनं आग्नेय युरोपातल्या लहान देशांशी व्यापार कसा वाढवला आणि मग तो व्यापारच पकड कसा झाला. मोठ्या देशाला जो व्यापार थांबवणं परवडतं आणि लहान देशाला परवडत नाही, तिथे सत्ता जन्मते. प्रत्यक्ष थांबवायचीही गरज नसते, थांबवता येतो हे दोघांना ठाऊक असलं की पुरे. तिनं उदाहरण म्हणून बल्गेरिया घेतला नाही. तिनं कांदा घेतला. 2019 च्या सप्टेंबरात भारतानं बंदी घातली, 2020 च्या सप्टेंबरात पुन्हा घातली, तेव्हा पेट्रापोल, घोजाडांगा, महादीपूरच्या सीमेवर कांद्याचे ट्रक अडकले आणि माल ट्रकांतच सडू लागला. 2019 मध्ये त्यांच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या, तेव्हा त्यांनी भाषणात हिंदीतून सांगितलं होतं की मी स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नकोस म्हटलंय, आणि पुढच्या वेळी आधी कळवलंत तर बरं होईल. सभागृह हसलं होतं. वर्गही हसला. ती हसली नाही. ती म्हणाली, "एका देशाच्या पंतप्रधानांना ही विनंती विनोदात घालून करावी लागली, माझा सेमिनार एवढाच आहे."

मग तिनं एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. तिचे मामा पाबना जिल्ह्यात कांदा पिकवतात. डिसेंबरात भारतानं बंदी घातली तेव्हा ढाक्यात तिची आई रिकामी परतली, आणि त्याच आठवड्यात पाबन्यात मामाच्या कांद्याला कधी नव्हे तो भाव आला. आईनं भावाला फोनवर सुनावलं, तुम्ही लोक लुटताय. मामा म्हणाले, ताई, गेल्या वर्षी भारताचा कांदा आला तेव्हा मी रडत होतो, तेव्हा तू स्वस्त झाला म्हणालीस. दोघं महिनाभर बोलत नव्हते.

मला मेसमधलं माझं वाक्य आठवलं. तुमचं, आमचं. मी तिच्या आईला बांगलादेश केलं होतं आणि स्वतःला भारत. खरी वाटणी तर तिच्या आजोळच्या अंगणातून जात होती, आणि आमच्याही. माझी मावशी नाशिकरोडला भाड्याच्या खोलीत राहते, तिला बंदीनंतर कांदा स्वस्त मिळाला आणि तिनं आईला तसं आनंदानं सांगितलंही होतं. आई तेव्हा नुसतं "बरं झालं" म्हणाली होती.

त्या सत्रात शेवटी चलनव्यवस्थेचा इतिहास आला. ब्रेटन वुड्सची परिषद, जुलै 1944, 44 देश, त्यातून जन्मलेले नाणेनिधी आणि जागतिक बँक. परीक्षेपुरतं हे पाठ होतं. वाचताना कळलं की त्या परिषदेला पारतंत्र्यातल्या हिंदुस्थानचंही शिष्टमंडळ होतं, आणि त्यात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. युद्धात ब्रिटननं इथून माल उचलला होता, त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत नुसते नावावर जमा होत होते, आणि त्या जमेच्या आधारावर इथे रुपये छापले जात होते. हे येणं कसं फिटणार, असा प्रश्न आपल्या लोकांनी तिथे लावून धरला. ब्रिटननं तो आपसातला मामला म्हणून परिषदेबाहेर ठेवला. मला नाते गावचा माणूस तिथे होता याचा अभिमान वाटला, मी मैत्रिणीला उत्साहानं सांगायला गेले. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते रुपये छापले गेले, त्यानं तांदूळ किती महागला?" 1943. बंगालचा दुष्काळ. लाखो माणसं मेली, आणि त्यामागच्या कारणांत ही युद्धकाळातली महागाई होती. तिची पणजी सांगायची म्हणे, की दारात येणारे लोक भात मागत नव्हते, भातावरचं पाणी मागत होते. ज्या वहीत मी देशमुखांचं नाव लिहिलं होतं, तिच्याच खालच्या ओळीत तिनं बंगालीत एक शब्द लिहिला, फ्यान. पेज. ते पान मी अजून ठेवलंय. माझ्यासाठी ते येणं होतं, तिच्यासाठी भूक, आणि हिशेब एकच होता.

मार्चमध्ये केंद्रानं बांगलादेशसाठी 50,000 टनांची सवलत दिली, एका सहकारी संस्थेमार्फत. 4 मे 2024 ला बंदी उठली, नाशिक-दिंडोरीचं लोकसभेचं मतदान 20 मेला होतं. टनाला 550 डॉलर किमान मूल्य आणि त्यावर 40 टक्के शुल्क ठेवलं. अण्णांनी फोनवर मला आकडा काढायला लावला. तेव्हाच्या दरानं किलोला साधारण 64 रुपये झाले, त्याहून स्वस्त कांदा देशाबाहेर जाऊ शकत नव्हता. ते म्हणाले, "म्हणजे दार उघडलं, पण उंबरा कमरेएवढा केला." मी उत्तरपत्रिकेत ते वाक्य लिहिलं असतं, पण ते अण्णांचं होतं.

मेच्या सुट्टीत ती आमच्या गावी आली. आईनं मांडे केले नाहीत, बाजरीची भाकरी आणि कांद्याच्या पातीचा झुणकाच केला, कारण तिनं तेच मागितलं होतं. तिच्याकडे रात्रीचा भात पाण्यात भिजत घालून सकाळी कच्चा कांदा आणि हिरव्या मिरचीशी खातात, हे ऐकून आई म्हणाली, मग ही आपल्यातलीच. दुपारी अण्णांनी तिला चाळ दाखवली. उन्हाळ कांदा नुकताच भरला होता. बांबूच्या पट्ट्यांमधून ऊन आत पडत होतं, सुकलेल्या सालींची झिरझिरीत गुलाबी धूळ त्या उन्हात तरंगत होती, आणि आत पाऊल टाकलं की कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. तिनं खाली वाकून एक गोल्टी, लहानसा कांदा, उचलली, हातात फिरवली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली. मी मागे उभी होते. तेव्हा मला ते बोलायचं होतं, मेसमधल्या त्या रात्रीबद्दल. शब्द जुळवत होते तेवढ्यात तिचा फोन वाजला.

मामा होते. तिनं सांगितलं, मी कांदेवाल्यांच्या घरी आहे. पलीकडून काहीतरी मोठ्यानं आलं. अण्णा हसले आणि हिंदीत म्हणाले, "पूछो बेटा, बीज कौनसा लगाते हैं." तिनं फोन स्पीकरवर टाकला. दोन पिकं असतात, ती सांगू लागली. एक छोटे कांदे लावून केलेलं, मुडीकाटा, ते डिसेंबर-जानेवारीत निघतं आणि टिकत नाही. दुसरं रोपांचं, ते चैत्राच्या सुमारास निघतं आणि ठेवता येतं. अण्णा ऐकता ऐकता मान हलवू लागले. "आपल्यासारखंच," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "लाल आणि उन्हाळ." मग मामा आणखी काही बोलले आणि ती थांबली. सांगावं की नको, असं तिच्या तोंडावर दिसलं. शेवटी तिनं सांगितलं, "मामा म्हणतात, तुमचा कांदा आमच्या हंगामात आला की आम्ही मरतो."

चाळीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. अण्णांनी एक सड लागलेला कांदा शोधून काढला, बाहेर टाकला, हात धोतराला पुसले. मग फोनच्या जवळ जाऊन, जरा जास्तच मोठ्यानं, विचारलं, "तो आप लोग रखते कहाँ हैं?"

तिनं बंगालीत विचारलं. पलीकडून उत्तर आलं, घरातच, छपराखाली, बांबूच्या माचावर.

ती अर्थ सांगायला वळली तोवर अण्णांनी हात वर केला होता, छपराच्या दिशेनं, उंची दाखवत. "मचाण," ते म्हणाले. "कळलं. जमिनीपासून किती उंच, ते विचार."